रिकाम्या खणांतला वारा

“पंखे नवे, वीज व्यवस्थित, एसी चालू. मग हा सर्व्हर तापतो कशाने, बाई?”

सुजय मगदूमने विचारलं खरं, पण विचारताना त्याची नजर फरशीवर होती. उपाध्येबाईंच्या हाताखालीच तो सर्व्हरदुरुस्ती शिकला होता. वर्गात पहिला आला होता. त्यानंतरच्या सहा वर्षांत त्याने बाईंना काहीही विचारलं नव्हतं. तशी वेळच आली नाही, असं तो अभिमानाने सांगत असे.

बाई खुर्चीत टेकल्या.

सांगलीतल्या त्या ग्रंथालयात अंध मुलं पुस्तकं कानांनी वाचत. आठशे पुस्तकांचं ध्वनिमुद्रण एका सर्व्हरवर होतं, आणि तो सर्व्हर पाच दिवस दर दोन तासांनी अचानक बंद पडत होता. सोमवारी परीक्षा होती. शेजारच्या दालनात वीसेक मुलंमुली हेडफोन लावून बसली होती. धडा मध्येच तुटला की ती निमूटपणे थांबत, कुणी कुरकुरत नसे. सुजयला तेच फार लागायचं.

त्याने काय काय केलं ते बाईंना सांगितलं. आधी त्याला वीजपुरवठ्याचा संशय आला. म्हणून पॉवर सप्लाय बदलला, दोन्ही वायरी वेगवेगळ्या लाइनवर घेतल्या. उपयोग झाला नाही. मग नोंदी तपासल्या, तर उष्णता वाढली की यंत्र स्वतःच बंद होत होतं. तेव्हा आतले सगळे पंखे बदलले. तरी तापमान उतरेना. शेवटी वरचं झाकणच काढून ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावला.

सांगता सांगता त्याचा आवाज थोडा चढला. एवढं सगळं दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, असं त्याला अजूनही वाटत होतं.

बाईंनी एवढंच विचारलं, की गेल्या आठवड्यात सर्व्हरच्या या खणाखणांच्या लोखंडी रॅकमधून काही काढलं होतं का.

दोन जुनी मशीनं काढली होती, सुजय म्हणाला. बिनकामाची होती. त्यांचे खण आता मोकळेच होते, उलट हवेला जागा झाली होती.

“हवेला जागा,” बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. पदराच्या काठातून वितभर सुटा दोरा ओढून तोडला आणि दोन बोटांत धरून रॅकच्या पुढच्या बाजूला, एका मोकळ्या खणासमोर नेला.

दोरा हलला... आणि आत ओढला जायच्या ऐवजी बाईंच्या अंगाकडे झुकला.

सुजयने हात पुढे केला. खणातून येणारा वारा चांगलाच ऊन होता. एसीची गार हवा रॅकच्या समोर येत होती, सर्व्हर ती पुढून ओढून मागे ऊन करून सोडत होता, आणि तीच ऊन हवा रिकाम्या खणांतून परत पुढे येत होती. पाच दिवस सर्व्हर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेत होता. सुजयच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“टेबलफॅन काढ. झाकण लाव.”

“झाकण लावलं तर आणखी तापेल ना?”

बाईंनी टेबलफॅनचं बटण स्वतःच बंद केलं.

त्याने झाकण लावलं; झाकण असलं तरच पंख्यांची हवा आतल्या भागांवरून सरळ मागे जाते, हे त्याला तेव्हा आठवलं. नव्या पंख्यांचे खोके कोपऱ्यात पडले होते. बाईंनी त्यांचे पुठ्ठे मापात कापायला लावले, आणि दोघांनी मिळून मोकळे खण एकेक करून बंद केले. उद्या पुठ्ठ्याच्या जागी पत्रे बसव, असं त्यांनी बजावलं. मध्ये बंद केलेला सर्व्हर पुन्हा चालू झाला. आता नुसतं बघत बसायचं होतं.

अर्धा तास गेला. पडद्यावरचा आकडा चढला, थांबला, आणि एकेका अंशाने उतरू लागला. पाच दिवस किंचाळणारे पंखे मंद झाले. इतके मंद, की भिंतीपलीकडच्या मुलांची चुळबुळ ऐकू येऊ लागली. चहा आला, बाईंनी बशीत ओतून प्यायला. दोन तास झाले. सर्व्हर बंद पडला नाही. अडीच झाले. सुजयने तीनदा घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा त्याला हसूच आलं.

तेवढ्यात शेजारच्या दालनात एकदम हशा पिकला. धडा संपवून कुणीतरी विनोदी गोष्ट लावली होती, हेडफोन काढून सगळ्यांसाठी मोठ्याने, आणि ती मध्येच न तुटता शेवटाला पोचली होती. पोरं बाकं बडवत होती. आणखी एक लाव, म्हणून ओरडत होती. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्यांचेही खांदे हलत होते.

सुजय वाकून त्यांच्या पाया पडला. सहा वर्षांत हेही राहूनच गेलं होतं. मग त्याने नोंदवही उघडली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि पेन अडलं.

“बाई, बिघाड कशात होता म्हणून लिहू? वीजपुरवठ्यात?”

“नाही.”

“पंख्यांत?”

“नाही.”

“मग होता कुठे?”

बाईंनी चपला पायांत सरकवल्या. पिशवी उचलली...

“जिथे काहीच नव्हतं, तिथे.”