झिपरूचं ठिबक आणि व्याह्यांचं भरीत

खानदेशातल्या एका गावात झिपरू नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको वेणूबाई वेगळाच शब्द वापरायची, तो पोरांसमोर सांगण्यासारखा नाही.

वेणूबाईनं परसात वांगी लावली होती. लेकीचे सासू-सासरे लग्नानंतर पहिल्यांदाच भरीत खायला येणार होते. आमच्याकडच्यासारखी वांगी तुमच्याकडे कुठली, असं विहीणबाईंनी आधीच ऐकवून ठेवलं होतं. आता वेणूबाईची सगळी अब्रू त्या वांग्यांवर होती. म्हणून तिनं ठिबक सिंचनाचं नळ्या-पंपाचं सामान आणायला झिपरूला पाठवलं. एवढं नाजूक काम आणखी कुणाला सांगणार?

दुकानदारानं चौकशी करून अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप आणि बारके ड्रिपर पुढे ठेवले. झिपरूला राग आला. पाटलांच्या केळीला पाच हॉर्सपॉवर, मग आमची वांगी काय हलक्या घरची? त्यानं पाचाचा पंप आणला आणि बटण दाबलं. ड्रिपर उडाले, नळी अंगात आल्यासारखी नाचली आणि दोन रोपं शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन पडली.

वेणूबाईनं कपाळावर हात मारला. पंप बदलून आणवला आणि समजावलं, "अहो, पाणी असं भसाभसा देऊ नये. मुळं कुजतात. थेंब थेंब द्यायचं, मुळाशी."

झिपरूला पटलं. दुपारी म्हैस तहानेनं ओरडू लागली, तेव्हा त्यानं तिच्या चारी खुरांशी एकेक ड्रिपर लावला आणि समाधानानं विडी ओढत बसला. संध्याकाळी म्हशीनं खुंटा उपटून नदी गाठली. पाणी तोंडाशी द्यायचं असतं, असं वेणूबाईनं दात-ओठ खात सांगितलं.

हेही पटलं. पटण्यात झिपरू कधी कमी पडला नाही. सकाळी तो वांग्यांचं तोंड शोधायला बसला. बऱ्याच विचारांती फूल हेच तोंड ठरलं. त्यानं फुलाफुलावर ड्रिपर टांगले आणि निम्मी फुलं गळाली. वेणूबाई रडायचीच बाकी राहिली. मला विचारल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, तिनं बजावलं, आणि लावलात तर थेंब थेंब, मुळाशी.

उरलेल्या फुलांना वांगी धरली, चांगली तांब्याएवढी. व्याही आले. विहीणबाईंना झाडावरची वांगी दाखवायची म्हणून वेणूबाईनं चारच खुडली. ती कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायला झिपरूला बसवलं आणि स्वतः विहीणबाईंसोबत आत भाकरीला लागली.

जाळ उडून काड्यांच्या ढिगाला लागला, तिथून वाफ्यातल्या पाचोळ्याला. व्याही ओरडले, पाणी आणा.

झिपरू शहाणा झाला होता. तो आधी चुलीपाशी गेला आणि नळीला हात लावू का, असं रीतसर विचारलं. वेणूबाईचं लक्ष तव्यावर होतं. लावा, म्हणाली.

मग त्यानं आगीभोवती नळी अंथरली. जाळ मोठा तिथं मोठा ड्रिपर, बारका तिथं बारका. एकही चुकला नाही. तेवढ्यात व्याही भरलेली बादली घेऊन धावले. झिपरूनं त्यांचा हात घट्ट धरला.

"थांबा व्याहीबुवा, भसाभसा नको. मुळं कुजतात."

धूर पाहून वेणूबाई बाहेर आली. परसात एकही झाड उभं नव्हतं. काळी ठिक्कर वांगी जागच्या जागी भाजून पडली होती. मागून विहीणबाई पदर नाकाला लावून बघत होत्या.

झिपरूनं एक खुंट उपटून अभिमानानं बायकोपुढे धरला.

"सगळ्यांचंच भरीत झालं बघ. आणि मूळ बघ, एकही कुजलं नाही."