आतून लावलेलं कुलूप

एका गावात एक कुलूपवाला राहायचा, आणि त्याची कुलपं म्हणजे काय सांगू! एकदा लागलं की लागलं. चोर यायचे, दारावरचं कुलूप बघायचे आणि गुपचूप दुसऱ्या गावाला निघून जायचे.

पण या कुलूपवाल्याची एक भलतीच पद्धत होती, आजोबांपासून चालत आलेली. कारखान्यात कामाला माणसं असायची. कुणी भाता ओढायचं, कुणी कानशीने घासायचं, कुणी पितळ चमकवायचं. पण कुलपाच्या पोटात पट्ट्या बसवायची वेळ आली, की कुलूपवाला सामान उचलून मागच्या खोलीत जायचा आणि दार आतून लावून घ्यायचा. नुसती कडी नाही हां, कुलूप! त्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती, कुणी डोकावेल म्हणून. बाहेर यायचा तेव्हा माल तयार. आत काय केलं? कुणाला पत्ता नाही. बायकोलाही नाही!

मग काय, माणसं वर्षानुवर्षं नुसती घासत बसायची, वैतागायची आणि सोडून जायची. शेवटचा जो गडी गेला, त्याने तर सरळ बाजारात भजी तळायला घेतली.

आणि नेमका तेव्हाच राजाकडून निरोप आला. राज्यातल्या सगळ्या धान्यकोठारांना नवी कुलपं पाहिजेत, दिवाळीच्या आत. जमत नसेल तर सांगा, शेजारच्या राज्यातून करून आणू. इकडे कुलूपवाल्याचे हात थरथरायला लागलेले. एकट्याने होणार नाही हे त्यालाही कळत होतं. आणि एवढं मोठं काम हातचं गेलं, तर कारखान्याला टाळंच लागणार होतं.

म्हणून त्याने दाराबाहेर पाटी लावली: "तयार कारागीर पाहिजे. तरुण असावा. शिकवले जाणार नाही."

शप्पथ, असंच लिहिलं होतं!

तरी पोरं यायची. तो त्यांच्या हातात एक बंद कुलूप ठेवायचा आणि म्हणायचा, "किल्लीशिवाय उघड."

"काका, कसं उघडायचं ते दाखवा की एकदा."

"ही काय शाळा आहे? येत असेल तर बस, नसेल तर चालायला लाग!"

पोरगं चालायला लागायचं. मग कुलूपवाला पारावर जाऊन बसायचा आणि सगळ्यांना ऐकवायचा, "हल्लीच्या पोरांना काही येत नाही हो. काम आहे, पण माणूस नाही!" पारावरचे सगळे माना हलवायचे.

बायको मात्र एक दिवस म्हणाली, "अहो, मग तुम्हीच शिकवा की एखाद्याला."

"आणि शिकून समोरच दुकान टाकलं म्हणजे?"

"अजून कुणी शिकलं नाही, तोवर दुकानाचं काय घेऊन बसलात?"

पण ऐकेल तर तो कुलूपवाला कसला!

एके सकाळी गावातल्या कासारणीची लेक आली. गावभर बायकांना बांगड्या भरायची. हात असा सुरेख, की जाड मनगटात चिंचोळी बांगडी चढायची आणि बाईला कळायचंही नाही.

"काका, मला ठेवा कामाला."

"तू? बांगड्या भर जा!"

"बांगड्या आई भरेल. मला कुलूप शिकायचंय."

कुलूपवाल्याने सवयीने तिच्या हातात ते बंद कुलूप दिलं. बाकीच्या पोरांनी ते आपटलं होतं, पिरगाळलं होतं. हिने कानाशी नेलं आणि हळूच हलवलं. परत हलवलं. मग डोळे मोठे करून म्हणाली, "आत काहीतरी हलतंय! एक नाही, बरंच काही. काय आहे हो ते?"

बघा, इतक्या पोरांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता! आणि कुलूपवाल्याने काय केलं? तिच्या हातातून कुलूप हिसकावून घेतलं!

"तेच तर सांगायचं नसतं! नीघ इथून!"

रागारागात तो मागच्या खोलीत गेला, दार ओढलं, किल्ली फिरवली. आणि खट्!

त्याच्या हातात नुसता दांडा राहिला. किल्ली मोडली होती, आणि तिचा पुढचा तुकडा आतल्या भोकात घट्ट अडकला होता.

आधी त्याला हसूच आलं. मीच केलेलं कुलूप, मला अडवणार? त्याने तुकडा चिमट्याने ओढला, हातोड्याने ठोकला. तुकडा आणखी आत गेला. दुसरी किल्ली? ती त्याने कधी केलीच नव्हती, कुणाच्या हाती लागेल म्हणून! आता त्याचं हसू गेलं.

त्यात खोलीत कोळशाची शेगडी पेटलेली. आणि खिडकी नाही! त्याने घाबरून तांब्यातलं पाणी शेगडीवर ओतलं. पाणी थोडं आणि निखारे फार. झालं उलटंच! नुसता धूर, धूरच धूर.

"अगं ए! दार उघड! मेलो!"

बायको धावत आली आणि दाराच्या फटीतून धूर बघून दार बडवायला लागली. कासारणीची लेक अजून उंबऱ्यावरच होती. तिने गल्लीत जाऊन अशी हाक मारली, की सगळा बाजार पळत आला.

लोहाराने घण मारला. दाराला ओरखडा नाही! कसा असेल? या दाराला लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या कुलूपवाल्यानेच. "हत्ती आणा, तरी हलणार नाही," असं तोच पारावर बसून सांगायचा.

"अरे, दुसरा कुलूपवाला बोलवा कुणीतरी!" पाटील ओरडले.

"दुसरा कुठून आणू, पाटील?" बायको रडत म्हणाली. "यांनी शिकवलंय का कुणाला!"

तेवढ्यात कुणीतरी भजीवाल्याला पुढे ढकललं. "हा होता ना इथे कामाला! ए, उघड की लवकर!"

भजीवाल्याने पिठाचे हात पुसले आणि दाराकडे बघतच राहिला. "मला फक्त घासता येतं हो," तो रडवेला होऊन म्हणाला. "म्हणाल तर दार घासून लखलखीत करून देतो. पण उघडायचं कसं ते या माणसाने मला कधी दाखवलंच नाही!"

आतून खोकला ऐकू येत होता. आधी जोरात, मग जरा हळू.

कासारणीची लेक दाराशी बसली आणि बाहेरच्या भोकाला तोंड लावून ओरडली, "काका! बाहेरचं भोक मोकळं आहे, माझ्या हातात तुमच्या कारखान्यातल्या दोन तारा आहेत. आत काय हलतं ते आता तरी सांगा!"

आणि आता जे झालं ना, त्यावर विश्वास बसणार नाही तुमचा. आत धूर, छातीत श्वास नाही, मरण समोर उभं, आणि कुलूपवाला म्हणाला, "सांगतो. पण आधी बाकीच्यांना लांब पाठव."

पाटलांनी तर कपाळालाच हात लावला.

"अहो!" बायको किंचाळली. "जीव चाललाय तुमचा, आणि ते गुपित काय वर घेऊन जाणार आहात?"

"बरं बरं… ऐक गं पोरी…" तो पुटपुटला.

"काही ऐकू येत नाही, काका! दार जाड आहे! ओरडून सांगा!"

झालं! जे आजोबांनी वडिलांच्या कानात सांगितलं होतं आणि वडिलांनी याच्या, ते आता सगळ्या गावासमोर बोंबलून सांगायची वेळ आली.

"आत पट्ट्या आहेत! एकामागे एक! एका तारेने कुलपाची दांडी ढकलून धर, दुसरीने पट्ट्या उचल!"

तिने तार घातली, जोर लावला. काहीच नाही.

"दाबू नको! उचल! जी अडून बसलीय ती आधी! जास्त उचललीस तर परत पहिल्यापासून!"

"म्हणजे, हाताची हाडं दबतील एवढंच दाबायचं आणि बांगडी सरकली की थांबायचं, तसं?"

कुलूपवाला आतून खोकत म्हणाला, "हो. अगदी तसं."

तिने डोळे मिटले. पहिली पट्टी बसली. दुसरी सुटली, सगळं बिनसलं, परत सुरुवात. आतून आता खोकलाही येईना. बायकोने पदर तोंडात धरला. भजीवाला तर देवाचं नाव घेता घेता कुलपाकडेच बघत होता, कारण इतकी वर्षं घासलेल्या वस्तूच्या पोटात काय असतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं!

टक्.

दार उघडलं, धुराचा लोट बाहेर आला, आणि त्यामागून कुलूपवाला. काळाठिक्कर. लोहाराने त्याला धरून अंगणात आणलं, बायकोने तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. पहिला शब्द काय काढला असेल?

"संपलं. सगळ्यांना कळलं. उद्या गल्लीभर कुलपांची दुकानं लागणार."

दुसऱ्या दिवशी तो घाबरत घाबरत बाहेर आला. गल्लीत पोरं खेळता खेळता ओरडत होती, "दाबू नको, उचल! दाबू नको, उचल!" पाटील, लोहार, भाजीवाली, सगळ्यांना ते पाठ झालं होतं. आणि दुकानं? एकसुद्धा नाही! लोहाराने सकाळीच घरी एक कुलूप करून बघितलं होतं, ते लागेचना. पाटलांनी तारेने स्वतःचीच पेटी उघडायला घेतली आणि पेटीच वाकवली.

कुलूपवाला उंबऱ्यावर बसूनच राहिला. ज्यासाठी सगळा जन्म दार लावून घेतलं, ते सगळ्या गावाला माहीत झालं, आणि तरी ते कुणालाच येत नव्हतं!

मग दोघं जणं आली. कासारणीची लेक आणि तिच्यामागे कढई बंद करून आलेला भजीवाला.

"ते बंद कुलूप द्या की, काका," ती म्हणाली. "काल दार उघडलं, पण हे राहिलंच."

कुलूपवाल्याने कुलूप आणलं. पण तिच्या हातात दिलं नाही. मांडीवर ठेवलं, पेचकस घेतला आणि दोघांसमोर, भर उजेडात, ते खोललं. त्याचा हात थरथरत होता, तर भजीवाल्याने खालून धरला.

"ही पहिली पट्टी," तो म्हणाला. "चुकेल. चुकू दे. परत बसव."

ते मागचं दार त्यांनी बिजागऱ्यांवरून काढलं आणि त्याचं कामाचं टेबल केलं. पाटी गेली चुलीत. राजाची कुलपं दिवाळीच्या अगदी तोंडावर पोचली, त्यातल्या काहींच्या पट्ट्या कासारणीच्या लेकीने उघडझाप करून करून स्वतः बसवलेल्या.

आणि हो, पुढे तिने समोर दुकान टाकलंच! कुलूपवाल्याला ज्याची जन्मभर धास्ती होती, अगदी तेच! पण त्या दिवशी त्याने काय केलं माहितीये? सकाळीच रस्ता ओलांडून गेला आणि कारखान्याच्या नव्या कुलपाची दुसरी किल्ली तिच्या हातात ठेवून म्हणाला, "असू दे तुझ्याकडे. परत कधी आत अडकलो, तर हाक मारायला कुणीतरी हवं."

तात्पर्य काय, तर: तयार माणूस मिळत नाही म्हणून ओरडण्याआधी एकदा बघावं, आपणच तर दार आतून लावून बसलो नाही ना!