पाच पायांची शेळी

"...मग हा हात पुन्हा चालेल की नाही, एवढंच सांगा."

नेर्लेकरांनी उजवा हात पुढे धरला होता, वैद्यापुढे नाडी धरावी तसा. शिकलगारबाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. कडुनिंबाखाली बसून ते एका शाळकरी वहीच्या पानावर खळ फासत होते. गव्हाच्या पिठाची खळ, तीही आंबलेली. वास सुटला होता.

"हात चांगला हाय की," बाबा म्हणाले. "आत्ताच त्यानं वहाणा काढून ठेवल्या तुमी."

भालचंद्र नेर्लेकर कोल्हापूरचे व्यक्तिचित्रकार. तीन जिल्ह्यांतल्या सभागृहांत त्यांनी रंगवलेली मोठी माणसं टांगलेली होती. ते कॅनव्हाससमोर उभे राहिले की शिष्यांनी श्वासही दबकत घ्यावा, असा दरारा. पण तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती मुलगी, ऋजुता, डेंग्यूनं चार दिवसांत गेली. तिचं चित्र काढायला बसले आणि हात थांबला तो थांबलाच. तिचेच अर्धवट सोडलेले अकरा कॅनव्हास स्टुडिओत भिंतीकडे तोंड करून उभे होते. डॉक्टरांनी नसा तपासल्या. नसांना काही झालं नव्हतं.

शेवटी त्यांच्या चित्रांना चौकटी करून देणाऱ्या सुतारानं या फकिराचं नाव सांगितलं. एसटीनं तासाभरावर, कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर कब्रस्तान होतं आणि त्याला लागून बाबांची झोपडी. बाबा कबरी खणत आणि वह्या भरत. वह्यांत नेमकं काय असतं, ते सुतारालाही धड सांगता आलं नव्हतं.

नेर्लेकरांनी वाकून पाहिलं. पानावर कफनाची उरलेली चिंधी डकवली होती. तिचा कोंबडा झाला होता. तुरा वाळल्या मिरचीचा, डोळा म्हणून शर्टाचं बटण.

"हे काय आहे?"

"एक कबर, एक पान."

"मेलेल्यांच्या चिंध्यांशी खेळता तुम्ही?"

"खेळतो."

"आणि रडता कधी?"

"खणताना."

नेर्लेकर उठून जाणारच होते. पण जायचं कुठं? त्या अकरा पाठमोऱ्या कॅनव्हासांकडे?

ते बसले.

बाबांनी एक कोरी वही त्यांच्या मांडीवर टाकली. "रोज या. वाटंत सापडंल ती एक वस्तू आणा. हितं डकवा. चित्र काढायचं न्हाई."

"मी काय बालवाडीतला आहे?"

"न्हाई ना. म्हणून तर अडलाय."

दुसऱ्या दिवशी नेर्लेकर वडाचं पान घेऊन आले. दोन तास खपून त्यांनी ते बसवलं. पान किंचित डावीकडे, उजवीकडे मोकळी जागा, खालच्या कोपऱ्यात पिवळ्या कागदाची एकच पट्टी. प्रदर्शनात लावावं असं. वही त्यांनी बाबांपुढे धरली आणि वाट पाहत राहिले.

बाबांनी पान नीट पाहिलं. मग खळीनं बरबटलेले दोन्ही हात त्याच्यावर पुसले. आधी तळवे, मग पाठ.

"बाबा!"

"आता बसा खेळायला," बाबा म्हणाले.

नेर्लेकर त्या दिवशी तसेच उठून परतले. तरीही सकाळी एसटी पकडली. स्वतःचाच राग येत होता, पण पकडली.

आठ-दहा दिवस असेच गेले. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, काडेपेटीवरचं चित्र, फुटकी पाटी, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतला गणपती. बाबा काही शिकवत नव्हते. कबर खणायची असली की उठून जायचे, नसली की शेजारी बसून आपली वही भरायचे. खळ नखांत जायची, सुकायची, खरवडून काढावी लागायची. पुढे पुढे नेर्लेकरांनी ती काढणंही सोडून दिलं.

एके दुपारी त्यांनी वर्तमानपत्रातल्या एका पुढाऱ्याला नारळाच्या शेंड्यांची दाढी डकवली. दाढी वाढत वाढत पानाबाहेर गेली. तिच्यात त्यांनी एक मेलेला भुंगा बसवला, आणि त्यांना हसू फुटलं. मोठ्यानं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्याच क्षणी ते पांढरेफटक पडले. वही मिटली आणि न सांगता निघून गेले.

चार दिवस आले नाहीत.

पाचव्या दिवशी आले तेव्हा बाबा पहार आणि फावडं घेऊन निघाले होते. नेर्लेकर वाटेत आडवे उभे राहिले.

"मी हसलो, बाबा."

"ऐकलं मी."

"मला हसायचा हक्क नाही."

बाबा थांबले. पहार जमिनीला टेकवली.

मग नेर्लेकरांनी कुणालाही, अगदी पत्नीलाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. ऋजुता एक वही करायची. तिकिटं, पिसं, चॉकलेटचे चांदीचे कागद, चहाचे डाग, मधेच दोन ओळी. एक दिवस मोठ्या उमेदीनं ती वही घेऊन स्टुडिओत आली. शिष्य बसलेले होते. नेर्लेकरांनी दोन पानं उलटली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चित्रकाराच्या घरात हे? असला कचरा बंबात घालतात." शिष्य हसले. तीही हसली. संध्याकाळी त्यांच्या आंघोळीला पाणी तापत होतं, आणि बंबाशी बसून ती एकेक पान आत सोडत होती.

"मी पाहिलं," नेर्लेकर म्हणाले. "दारातून पाहिलं. थांब म्हणालो नाही. वाटलं, बरं झालं, शहाणी झाली... तीन महिन्यांनी गेली. आता तिच्या हातचं एक पानही घरात नाही."

वाऱ्यानं कडुनिंबाची पानं गळत होती.

बाबांनी फावडं त्यांच्या हातात दिलं.

"चला. ल्हान हाय. दोघांत लवकर व्हईल."

अडीच हात लांबीची कबर. वरची माती भुसभुशीत होती, खाली मुरूम लागला. बाबा पहारीनं फोडत होते, नेर्लेकर फावड्यानं ओढत होते. तळहातांना फोड आले, फुटले. मधे एकदा बाबांनी पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. नेर्लेकरांनी विचारलं नाही. त्यांनाही दिसेनासं झालं होतं, पण फावडं चालतच राहिलं.

माणसं आली. पुढे बाप होता. चार वर्षांचं पोर पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यानं दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं, झोपलेल्याला नेतात तसं. कबरीत उतरून त्यानंच त्याला ठेवलं. फळ्या लागल्या. प्रत्येकानं तीन-तीन मुठी माती टाकली, दुआ झाली, माणसं पांगली.

बाप मात्र घोटाळत राहिला. त्याच्या मुठीत काहीतरी होतं. दवाखान्यात पोराच्या मनगटाला बांधलेली, कापून काढलेली कागदी पट्टी.

"बाबा, हे..." तो म्हणाला. "हे कुठं टाकू?"

बाबांनी हात पुढे केला. "टाकू नगंस. माझ्याकडं दे."

तो गेला. कडुनिंबाखाली बाबांनी वही उघडली. हात धुतले नाहीत. पानावर खळ फासली, पट्टी आडवी डकवली. तिला जळक्या काड्यांचे पाय लावले. एक, दोन, तीन, चार. मग शिंगं, मग दोऱ्याची शेपटी. शेळी झाली. बाबांनी थोडा विचार केला आणि आणखी एक काडी लावली.

"बाबा, पाच पाय झाले."

"पोराची हाय. लई पळंल."

नेर्लेकर त्या शेळीकडे बघत राहिले. फार वेळ बघत राहिले.

मग त्यांनी आपली वही ओढली. खिशात एसटीचं तिकीट होतं. ते फाडलं, वेडंवाकडं गोल. खळीत बोटं बुडवून डकवलं. तो चेहरा. फोडांतून पाणी येत होतं, तिकीट ओलं होऊन एका बाजूला ओघळलं. ओघळू दिलं. नखांतली माती काढून केस केले. एक कान वर गेला, एक खाली. डोळे एकसारखे झाले नाहीत.

तोंडापाशी बोट अडलं.

ऋजुताचा दातावर दात होता. अकराही कॅनव्हासवर त्यांनी तिचे ओठ मिटलेले काढले होते. चेहऱ्याचा तोल बिघडतो म्हणून.

त्यांनी जमिनीवरून चुनखडीचे खडे वेचले. एक डकवला, दुसरा त्याच्यावर चढवला. तोंड उघडं राहिलं, हसताना राहतं तसं.

ते चित्र कुणाला ऋजुताचं वाटलं नसतं. नेर्लेकरांनी वही लांब धरली, जवळ आणली, आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा होता की कशाचा, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. खळीनं माखलेला हात त्यांनी तोंडावर दाबून धरला. पण हात थांबला नव्हता. तो पुन्हा पानाकडे गेला. गळ्यापाशी एक कडुनिंबाचं पान लावलं. काढलं. दुसरं लावलं.

ऊन कलायला लागलं होतं. बाबा पहारीची माती खरवडत बसले होते.

"बाबा..." नेर्लेकरांनी वही त्यांच्यापुढे धरली. "हे... हे पुरं झालं का?"

बाबांनी पानाकडे पाहिलं नाही. हनुवटीनं त्यांनी कबरींकडे खूण केली.

"पुरं झालेलं समदं तिकडं पुरलंय, मास्तर."