मरळीची राखण

फार पूर्वी गोदाकाठच्या एका मोठ्या नगरात राजा अरिंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कापडव्यापाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचं नाव सोमिल. नगराबाहेर कोसभरावर राजाचं उपवन होतं आणि त्यात एक शांत तळं. सोमिल आणि त्याचा बालमित्र नंदक दुकान आवरलं की तिथं जायचे आणि गळ टाकून बसायचे. खायला नाही बरं का. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. आपल्या हातून एकही जीव गेला नाही, असं दोघं मोठ्या समाधानानं सांगत.

त्यांना वेड मरळीचं. आता, मरळ ही माशांत वेगळीच. पिल्लं झाली की ती खाणं विसरते. लालसर पिल्लांचा घोळका वर खेळत असतो आणि ती खाली राखणीला असते. त्या घोळक्यात लाल चिंधी बांधलेला गळ पडला, की भूक नसली तरी ती त्यावर तुटून पडते. हे साऱ्या गळवाल्यांना ठाऊक होतं आणि सगळे तेच करत. सोमिलही करायचा.

एके वर्षी राजानं दवंडी पिटवली, की ज्याची मरळ सर्वांत लांब भरेल त्याला तळ्याकाठची आमराई मिळेल. मासा जिवंत दाखवायचा, मोजायला महाराज स्वतः येतील. नंदक हरखला. त्याच्या नावावर हातभरही जमीन नव्हती.

"दोघांची म्हणून घेऊ," तो म्हणाला. "म्हातारपणी तू तिथं झोपा काढ, मी आंबे राखीन."

"तू राखशील? पाडाला लागायच्या आधीच संपवशील," सोमिल म्हणाला.

त्या दिवशी सोमिलच्या गळाला अशी मरळ लागली, की आजूबाजूचे लोक काठ्या टाकून बघायला आले. तिला पाणी भरलेल्या घंगाळात ठेवलं. नंदक महाराजांची वाट बघायला रस्त्यावर गेला. महाराजांना उशीर झाला. सोमिल काठावर बसून राहिला. एरवी मासा सोडला की दोघं घराकडे वळायचे, मागं पाण्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. आज त्याला पाहण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

पिल्लांचा घोळका आई गेली त्याच जागी घुटमळत होता. आधी पिल्लं गिळणारी एक शिंगटी मासळी खालून आली. मग आणखी आल्या. वरून खंड्यानं सूर मारला. लाल घोळका आक्रसत गेला, फुटला, विरळ झाला. अशा किती मरळी धरल्या होत्या, ते सोमिल आठवू गेला तर त्याला आठवेना.

त्यानं घंगाळ उचललं. तेवढ्यात नंदक धावत आला.

"अरे, महाराज वेशीशी आलेत. घटकाभर थांब."

"घटकाभरानं इथं काही उरणार नाही."

"माशांचं चालायचंच रे. माझ्या आमराईचं काय?"

"तुझं नुकसान करतोय, नंदका. मला कळतंय," सोमिल म्हणाला आणि त्यानं घंगाळ पाण्यात कलतं केलं.

मरळ थेट त्या जागी गेली आणि घिरट्या घालू लागली. ओंजळभर पिल्लं लव्हाळ्याच्या मुळांत दडली होती, ती तिच्याभोवती जमली. बाकीच्यांना ती दिवस मावळेपर्यंत शोधत राहिली. सोमिल कमरेइतक्या पाण्यात उभा राहून शिंगट्या हाकलत होता.

आमराई भलत्याच कुणाला गेली. नंदक एकटा घरी गेला. सोमिलनं पुष्कळदा बोलावणं धाडलं, पण तो पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढला नाही. सोमिलनं गळ मोडून टाकला. पुढं पिल्लांच्या दिवसांत तो तळ्यावर राखणीला बसे. शेजारची जागा मोकळी असे.

ही कथा सांगून भगवान विहारातल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आज आपल्याला भोजन देणारा गृहस्थ पूर्णक. नंदक म्हणजे तो मागं मान खाली घालून बसलेला भिक्षू वप्पिल. मरळ म्हणजे भिक्षुणी शुभंकरा. आणि सोमिल मीच होतो."

"भगवन्, आणि ती पिल्लं?" एका भिक्षूनं विचारलं.

भगवान म्हणाले, "मी त्यांच्याकडे पाहिलं, तोवर ती फार थोडी उरली होती."

या जन्मात बोधिसत्त्वानं आचरलेला गुण करुणा. ती उशिरा आली, तरी तिला दारातून परत पाठवू नये.