तांबट आळीतला आवाज

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शहरात प्रत्येक आळीला आपापलं दार होतं आणि दिवेलागणीला ते बंद होई. तांबटांची मुलं तांबटांत खेळत, कोष्ट्यांची कोष्ट्यांत, कोळ्यांची कोळ्यांत.

राणीला हे खटकायचं. तिने आळ्याआळ्यांतली मुलं गोळा केली आणि गाणं शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हवाली केली. "वसंतोत्सवाला सगळ्यांनी मिळून एक गाणं म्हणावं. जमलं, तर आळ्यांची दारं कायमची उघडी. नाही जमलं, तर जो तो आपल्या घरी."

तांबटाच्या मुलीचा त्या गाण्यात जीव अडकला होता, कारण तिला तिथे जन्मात पहिल्यांदा जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती, कोळ्याची पोर. पण गाताना नुसता गोंधळ. तांबटाघरी दिवसभर हातोड्यांची ठकठक, तिथे बोलायचं तर ओरडावंच लागतं. मुलगी गायचीही तशीच. कोळ्याची पोर प्रत्येक ओळ पलीकडच्या होडीला ऐकू जाईल इतकी लांबवी. कोष्ट्याचा मुलगा मागावर धागा तुटल्यासारखा मधेच थांबे.

"एकमेकांचं ऐका रे," बाई सारख्या सांगत.

तांबटाच्या मुलीने ते फारच मनावर घेतलं. आपलाच आवाज सगळ्यांच्या वर जातो, आपल्यामुळेच गाणं फसणार आणि मैत्रीण सुटणार. तिने आवाज कमी केला, आणखी कमी केला, शेवटी ती नुसते ओठ हलवू लागली. गंमत अशी, की गाणं तरीही सुधारेना. उलट बारीक होत चाललं. आपले कान गेले की काय, हे बाईंना कळेना. मुलीला तर काहीच कळेना.

उत्सवाचा दिवस उजाडला. चौक माणसांनी भरला. बाईंनी हात वर केला, सगळ्या मुलांचे ओठ हलले आणि आवाज मात्र कुणाचाच आला नाही.

मुलगी भांबावली. आपण गात नाही ते ठीक, पण बाकीच्यांना काय झालं? तिने मैत्रिणीला हळूच विचारलं, "तू का गात नाहीस?"

"माझ्यामुळं तुमचं बिघडतं ना," ती पुटपुटली. "म्हणून कधीची गप हाय. तुझंच ऐकत व्हते."

"अगं, आणि मी तुझं."

तेवढ्यात राणी आसनावरून उठू लागली. आता मैत्रीण सुटणार, हे मुलीला दिसलं. मग बरोबर की चूक याचा विचार करत न बसता तिने घरचा, हातोड्यांवर चढणारा आवाज लावला. कोळ्याच्या पोरीने तो धरून लांबवला. कोष्ट्याचा मुलगा नेमक्या जागी थांबला, आणि त्या थांब्यात बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली. एकेक गळा मोकळा झाला. राणी परत खाली बसली.

"गाणं जरा वाकडंतिकडंच झालं," ती शेवटी म्हणाली. "पण सगळ्यांचं झालं."

त्या संध्याकाळी दारं लावायला कुणी आलं नाही. तांबटाची मुलगी मैत्रिणीकडे जेवायला गेली आणि तिथेही मोठ्यानेच बोलली.

तात्पर्य: दुसऱ्याचं जरूर ऐकावं, पण त्यासाठी प्रत्येकाने आपला आवाज गिळला, तर ऐकायला काहीच उरत नाही.