ताकद एक भाग आधी

‘काळविहीर’ मालिकेचे दोनशे भाग झाले म्हणून निर्माते देसले यांनी सेटवरच, त्या प्लायवुडच्या विहिरीशेजारी केक कापला. एका पत्रकार मुलीने विचारलं, “सर, तुमच्या मालिकेत बायका मरतातच का?”

देसले हसले. “अहो, मेल्यावर बघा ना! आमची हडळ नुसत्या नजरेने झुंबर पाडते. एवढी ताकद कुठल्या मालिकेत बाईला दिलीय?” हडळीचं काम करणारी नलिनी गावंडे पांढऱ्या साडीत कोपऱ्यात उभी होती. तिला पुढे ओढून ते म्हणाले, “नलिनीताई, सगळ्यांसमोर शब्द देतो. तुमची ताकद आणखी किती वाढवू, बोला!”

“वाढवू नका, सर. आहे तेवढीच द्या, फक्त एक भाग आधी.”

“म्हणजे?”

“सासरा मला विहिरीत ढकलतो ना, त्याच्या आधी.”

“अहो, मग तुम्ही मराल कशा?” देसले भडकलेच. “आणि तुम्ही मेला नाहीत, तर माझी मालिका चालेल कशी?”

पत्रकार मुलीकडे बघून नलिनी म्हणाली, “मिळालं उत्तर?”

मुलीने वही मिटली. बाकीच्यांनी केक संपवला. देसल्यांचा शब्दही तिथेच संपला.

दुपारी फ्लॅशबॅकसाठी नलिनी नवव्यांदा विहिरीच्या काठावर उभी राहिली. सासऱ्याचं काम करणारे नट मागून अवघडून म्हणाले, “ताई, ढकलू ना?”

“ढकला,” ती म्हणाली. “तुम्हाला ताकद पहिल्या भागापासून आहे.”