पहिल्या पानावर प्रतापराव

आमच्या सेवा क्लबला पन्नास वर्षं झाली, तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं. क्लबचा इतिहास लिहायला घेतला कुमुदताई राजंदेकरांनी, कारण संस्थापकांपैकी आता त्याच उरल्या होत्या. अध्यक्ष होते प्रतापराव ठिगळे. वह्या वाटा की चष्मे, लाभार्थ्याचा फोटो छापलाच पाहिजे, हा नियम त्यांचाच.

मसुदा पाहून प्रतापराव भडकले. "माझं नाव थेट अकराव्या पानावर? पहिल्या पानावर पहिलं नाव माझंच हवं! छापखाना माझा आहे, लक्षात ठेवा."

"अहो, क्लब निघाला तेव्हा तुम्ही चार महिन्यांचे होतात."

"ते मला सांगू नका. बसवा कुठेतरी!"

"बसवते," म्हणत ताईंनी पहिल्या वर्षाचं इतिवृत्त काढलं.

छापताना प्रतापरावांनी फक्त आपलं नाव किती ठळक आहे तेवढं पाहिलं. प्रकाशनाला सभागृह भरलं, तेव्हा त्यांनीच पाहुण्यांना आग्रह केला, "साहेब, पहिलं पान मोठ्यानं वाचा!"

पाहुण्यांनी चष्मा सावरला. "क्लबचा पहिला उपक्रम, झबली-लंगोट वाटप. पहिले लाभार्थी, चिरंजीव प्रताप ठिगळे. लंगोट बांधण्याआधीच लाभार्थ्यांनी तेव्हाच्या अध्यक्षांचं धोतर भिजवलं."

सभागृह खदखदून हसलं. पाहुणे पान उलटू लागले, तसे प्रतापराव घाबरून ओरडले, "ताई, पुढे काय आहे?"

"फोटो. लंगोट मिळण्याआधीचा," ताई म्हणाल्या. "नियम तुमचाच ना?"